कॅन्सर, नव्या औषधाची ट्रायल आणि रोजचं जगणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रायलमध्ये, म्हणजे नव्या औषधाच्या किंवा उपचाराच्या चाचणीत, जावं की नाही यावर घरात खूप चर्चा होते. भावकीतले, शेजारचे, ओळखीचे डॉक्टर, सगळे मत देतात. सही झाल्यानंतरचे महिने कसे काढायचे, याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. हे पान त्या महिन्यांसाठी आहे. ते रुग्णांनी वाचावं, आणि त्यांच्याबरोबर फाइल घेऊन ओपीडीबाहेर बसणाऱ्या घरच्यांनीही वाचावं.

उत्तरं भारतातल्या नियमांना धरून दिली आहेत. उदाहरणं बरीचशी मुंबईची आहेत, कारण महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून रुग्ण तिथे येतात. प्रत्येक ट्रायलचा प्रोटोकॉल, म्हणजे आधीच लिहून ठेवलेली कार्यपद्धती, वेगळा असतो. त्यामुळे डोस, पथ्य आणि तपासण्यांबाबत तुमच्या टीमचा शब्द अखेरचा माना.

म्हणजे आमच्या माणसावर प्रयोगच करणार ना?

हो, प्रयोगच आहे. नवं औषध सध्याच्या उपचारापेक्षा सरस आहे की नाही हे अजून कुणालाच माहीत नसतं. माहीत असतं तर ट्रायलची गरजच पडली नसती. हे स्पष्ट सांगणाऱ्या डॉक्टरांवर मी जास्त विश्वास ठेवीन.

पण हा प्रयोग कुणाच्या मर्जीवर चालत नाही. त्यासाठी 'नवी औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम, २०१९' आहेत. नव्या औषधाच्या ट्रायलला केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी लागते, आणि त्याशिवाय एथिक्स कमिटीची, म्हणजे रुग्णांचे हक्क आणि सुरक्षितता पाहणाऱ्या समितीची, मंजुरी लागते. या कमिटीत किमान ७ सदस्य असतात. त्यातले निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे असावे लागतात आणि अध्यक्षही बाहेरचाच असतो. कायद्याची जाणकार व्यक्ती, वैद्यकाशी संबंध नसलेला एक सामान्य नागरिक आणि किमान एक स्त्री सदस्य हवीच.

आज आपण ज्याला 'नेहमीचा उपचार' म्हणतो, तोही कुणीतरी असाच सहभाग दिल्यामुळे ठरलेला असतो. तोंडाच्या कॅन्सरच्या सुरुवातीच्या टप्प्यात मानेतल्या लसिका ग्रंथी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढाव्यात, की पुढे त्यात आजार दिसला तर काढाव्यात, यावर जगभर मतभेद होते. परळच्या टाटा मेमोरियलमधल्या ट्रायलचा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षांनी आधीच ग्रंथी काढलेल्या गटात ८० टक्के रुग्ण हयात होते, वाट पाहिलेल्या गटात ६७.५ टक्के. निव्होलुमॅब या इम्युनोथेरपीच्या (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध कामाला लावणाऱ्या) औषधाचंही तसंच. त्याचा नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम, आणि तो आपल्याकडच्या बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचा. टाटामध्ये डोकं-मानेच्या पुढे गेलेल्या कॅन्सरमध्ये, गोळ्यांच्या उपचाराच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम देऊन पाहिलं. वर्षभराने हयात असणाऱ्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. गुटखा आणि तंबाखूने तोंडाचे कॅन्सर वाढवलेल्या आपल्या राज्यात या आकड्यांचं मोल मोठं आहे. ते त्या रुग्णांनी दिलेलं आहे.

फेज वन, फेज थ्री म्हणजे काय? आमच्यासाठी काय फरक पडतो?

फार मोठा फरक पडतो. फेज १ मध्ये मुख्य प्रश्न असतो तो शरीराला किती डोस सोसतो हा. रुग्ण थोडे असतात, अनेकदा तीन-तीनच्या गटांनी घेतले जातात आणि डोस टप्प्याटप्प्याने वाढवला जातो. फेज २ मध्ये औषधाने गाठ कमी होते का हे पाहतात. फेज ३ मध्ये शेकडो रुग्णांवर नेहमीच्या उपचाराशी तुलना होते. फेज ४ औषध बाजारात आल्यानंतरची.

फेज १ मध्येच चमत्कार घडल्याचीही नोंद आहे. रक्ताच्या एका प्रकारच्या कॅन्सरसाठी इमॅटिनिबची पहिली ट्रायल अमेरिकेत १९९८ साली सुरू झाली. त्यात ३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त डोस मिळालेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांचे रक्तपेशींचे काउंट पूर्ववत झाले. २००१ साली औषधाला मंजुरीही मिळाली. पण असं औषध विरळा. फेज १ मध्ये जाताना घरातल्यांचा समज 'आता हा बरा होऊन येणार' असा असेल, तर डॉक्टरांबरोबर आणखी एकदा बसा आणि त्यांना सरळ विचारा, "यातून आम्ही नेमकी काय आशा धरायची?"

एका गटाला खोटी गोळी देतात, हे खरं का?

कॅन्सरच्या ट्रायलमध्ये ज्या आजारावर चांगला उपचार उपलब्ध आहे तिथे रुग्णाला नुसती खोटी गोळी देऊन ठेवत नाहीत. प्लासिबो असलाच तर तो बहुधा नेहमीच्या उपचाराच्या जोडीला असतो. म्हणजे एका आर्मला (गटाला) केमो आणि नवं औषध, दुसऱ्या आर्मला केमो आणि तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी.

आपण कुठल्या आर्ममध्ये जाणार हे कॉम्प्युटर ठरवतो. डॉक्टरांच्या हातात ते नसतं, त्यामुळे वशिला लावून उपयोग नाही. 'साधा' आर्म मिळाला म्हणून रडणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांचं दुःख खरं असतं. पण नवा आर्म सरस निघेलच याची खात्री त्या क्षणी कुणालाच नसते, आणि तपासण्यांची काळजी दोन्ही आर्मना सारखीच मिळते.

ट्रायल खरी आहे हे कसं ओळखायचं?

सीटीआरआय क्रमांक मागा. सीटीआरआय म्हणजे भारतातल्या ट्रायलची सार्वजनिक नोंदवही. ती २००७ साली सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून ट्रायलची नोंदणी सक्तीची झाली. तिथे कुणीही मोफत शोधू शकतं. ट्रायल कुठल्या हॉस्पिटलमध्ये आहे, प्रमुख संशोधक कोण, एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का, सगळं दिसतं.

क्रमांक सांगायला टाळाटाळ होत असेल, किंवा 'ट्रायलमधलं औषध' म्हणून मोठी रक्कम आगाऊ मागत असतील, तर सही करू नका. स्टेम सेलच्या नावाखाली हताश कुटुंबांकडून पैसे उकळले जातात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आईला कॅन्सर आहे हे आम्ही सांगितलेलं नाही. मुलाने सही केली तर चालेल का?

नाही. आई शुद्धीवर आहे, समजू शकते आणि निर्णय घेऊ शकते, तर सही तिचीच लागते. लिहिता-वाचता येत नसेल तर तिला समजेल अशा भाषेत सगळं वाचून दाखवतात, तिचा अंगठा घेतात आणि ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार सही करतो. रुग्ण निर्णय घेण्याच्या अवस्थेतच नसेल, तरच कायदेशीर प्रतिनिधीची सही चालते. नव्या रेणूच्या, म्हणजे कुठल्याच देशात अजून मंजूर न झालेल्या औषधाच्या, ट्रायलमध्ये सहभागी व्यक्ती दुर्बळ गटातली असेल, तर संमतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंगही करावं लागतं.

'गाठ आहे, औषधाने विरघळेल' एवढ्यावर आपल्याकडे कित्येक आया-वडील वर्ष काढतात. त्यामागे माया असते, भीतीही असते. पण ट्रायलमध्ये हे चालणार नाही, आणि फक्त नियमामुळे नाही. तोंड कधी आलं, पायाला मुंग्या कधीपासून येतात, काल किती वेळा जुलाब झाले, हे आईनेच सांगायचं असतं. आपण कशासाठी औषध घेतोय हे माहीत नसलेली बाई असली गाऱ्हाणी गिळून टाकते. 'वय झालं, होतं असं' म्हणते.

कसं सांगायचं याची भीती वाटत असेल तर समुपदेशक किंवा मेडिकल सोशल वर्कर यांना बरोबर घ्या. एका बैठकीत सगळं सांगायची गरज नाही. आधी "तुला काय वाटतं, काय झालंय?" असं विचारा. बहुतेक वेळा आईला बरंच ठाऊक असतं. आपल्या जिवाला घोर नको म्हणून तीही गप्प बसलेली असते.

संमतीपत्र खूप पानांचं आहे. त्यात नेमकं काय वाचायचं?

घरी घेऊन जा, मराठी प्रत मागा. तो तुमचा हक्क आहे. सही केल्यावरही एक प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे. पहिली ओळ ते शेवटची ओळ वाचणं होत नसेल तर निदान एवढं शोधा : ट्रायलमध्ये गेलो नाही तर दुसरा उपचार कोणता, किती वेळा यावं लागेल, बायोप्सी पुन्हा करणार का, कोणता खर्च कुणाचा, इजा झाली तर काय, आणि रात्री-अपरात्री फोन कुणाला करायचा.

रक्त किंवा गाठीचा तुकडा पुढच्या संशोधनासाठी साठवून ठेवायचा असेल तर त्याची संमती वेगळी विचारतात. तिला 'नाही' म्हणूनही ट्रायलमध्ये राहता येतं का, ते विचारा. बऱ्याचदा येतं.

प्रश्न वहीत लिहून न्या. ओपीडीत डॉक्टर समोर आले की डोकं कोरं होतं, हा सगळ्यांचाच अनुभव.

सगळी तयारी झाली आणि स्क्रीनिंगमध्येच (ट्रायलआधीच्या तपासणीत) नाव बाद झालं. आमचं काय चुकलं?

काहीच नाही. यकृताचे आकडे थोडे वर, जुनी कावीळ, मेंदूत डाग, आधीच्या केमोला पुरेसे दिवस झालेले नाहीत, यातलं काहीही पुरतं. हे निकष रुग्णाला धोका होऊ नये म्हणूनही असतात. रिपोर्ट मागून घ्या आणि थोड्या दिवसांनी पुन्हा तपासणी करता येईल का, किंवा दुसरी ट्रायल आहे का, ते विचारा.

त्रास सांगितला तर ट्रायलमधून काढून टाकतील का?

सर्वात जास्त विचारला जाणारा आणि सर्वात कमी मोकळेपणाने विचारला जाणारा प्रश्न. अनेक जण दोन-दोन आठवडे जुलाब लपवतात. हातापायांची आग होत असते, तरी कोऑर्डिनेटरसमोर "सगळं ठीक आहे" म्हणतात. कारण एकच, हातातली शेवटची संधी जाईल ही भीती.

म्हणून हे नीट समजून घ्या. प्रत्येक त्रासाला ग्रेड असते, १ ते ५. ग्रेड १ सौम्य, ग्रेड ३ गंभीर, ग्रेड ५ म्हणजे मृत्यू. कुठल्या ग्रेडला काय करायचं हे प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहिलेलं असतं : औषध चालू ठेवून त्रासावर उपचार करायचे, काही दिवस थांबायचं, किंवा डोस कमी करून पुन्हा सुरू करायचं. ट्रायलमध्ये डोस कमी होणं, सायकल (औषधाची पुढची फेरी) पुढे ढकलली जाणं ही रोजची गोष्ट आहे. त्याचा अर्थ औषध हातचं गेलं असा नाही. पण तुम्ही ग्रेड १ ला गप्प बसलात आणि ग्रेड ४ होऊन आयसीयूत आलात, तर मात्र औषध कायमचं बंद होण्याची शक्यता मोठी.

ग्रेड ठरते आकड्यांवर. जुलाबांचंच घ्या. नेहमीपेक्षा दिवसाला ४ ते ६ वेळा जास्त झाले तर ग्रेड २, नेहमीपेक्षा ७ किंवा त्याहून अधिक वेळा जास्त झाले तर ग्रेड ३. 'थोडं पोट बिघडलंय' या वाक्यातून डॉक्टरांना काहीच कळत नाही. 'परवा पाच वेळा, काल आठ वेळा, रात्री उठावं लागलं' हे सांगितलंत तर लगेच निर्णय घेता येतो. ट्रायलची डायरी दिली असेल तर ती त्या त्या दिवशीच भरा, ओपीडीच्या आदल्या रात्री बसून आठवून नको. रिकाम्या स्ट्रिप आणि उरलेल्या गोळ्या परत न्यायच्या असतात. गोळी चुकली असेल तर चुकली म्हणून लिहा. तुम्ही घेतली असं लिहिलंत आणि रक्तात औषध सापडलं नाही, तर डोसाबद्दलचा अंदाज चुकतो. त्याची झळ तुमच्या मागून येणाऱ्या रुग्णांना बसते.

तुमची सुरक्षितता सर्वात जास्त तुम्ही काय सांगता यावर अवलंबून आहे. रक्ताची तपासणी पंधरवड्यातून एकदा होते, तुम्ही तुमच्या शरीरात चोवीस तास असता.

रात्री ताप आला तर सकाळपर्यंत थांबावं का?

नाही. उपचारामुळे पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असतील तर साधा वाटणारा ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, थंडी वाजून हुडहुडी भरणं, दम लागणं, छातीत दुखणं, भान हरपणं, न थांबणारा रक्तस्राव, यातलं काहीही झालं तर ट्रायलच्या इमर्जन्सी नंबरवर फोन करा आणि निघा. फोन करण्याआधी क्रोसिन देऊन ताप उतरवू नका, त्याने खरं चित्र झाकलं जातं. घरात थर्मामीटर हवाच, हाताने कपाळ बघून कळत नाही.

गावी असाल तर जवळच्या सरकारी दवाखान्यात किंवा कुठल्याही जवळच्या हॉस्पिटलमध्ये आधी पोहोचा, मुंबईची गाडी धरत बसू नका. तिथल्या डॉक्टरांचं आणि ट्रायलच्या टीमचं फोनवर बोलणं करून द्या.

पथ्य काय? उपवास, काढे, गुळवेल चालेल का?

पथ्य औषधागणिक बदलतं. प्रोस्टेटच्या कॅन्सरमधली अबिराटेरॉनची गोळी उपाशीपोटी घेतात, कारण जेवणाबरोबर ती कितीतरी पटींनी जास्त शोषली जाते. इमॅटिनिब उलट जेवणाबरोबर आणि भरपूर पाण्याबरोबर. म्हणून 'गेल्या गोळीला असंच केलं होतं' हे इथे चालत नाही.

उपवासाचं आधी विचारा. एकादशी, नवरात्र, रोजे, जे काही तुम्ही पाळत असाल ते टीमला सांगा. संकोच करू नका. कधी गोळीची वेळ बदलून जमवता येतं, कधी नाही. उलट्या-जुलाब चालू असताना निर्जळी मात्र करूच नका.

आता काढ्यांविषयी. घरात पाहुणा येतो तो एक बाटली घेऊन येतो : गोमूत्र अर्क, हळदीच्या कॅप्सूल, कुणाच्या तरी गावच्या वैद्याची पुडी. ज्याने आणली त्याची कळकळ खरी असते. पण ट्रायलमधलं औषध आणि ही पुडी यकृतात एकत्र आली तर काय होईल हे कुणी तपासलेलं नसतं. कोविडच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेपही घेतला. तो वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते : तुमचा एसजीपीटी (यकृताच्या तपासणीतला आकडा) वाढला तर तो नव्या औषधामुळे की काढ्यामुळे हे डॉक्टरांना सांगता येणार नाही, आणि औषध थांबवावं लागेल. आमटी-भाजीतली हळद खा, कॅप्सूल नको.

घरातल्या साध्या गोळ्याही सांगा. आपल्याकडे कितीतरी लोक रोज सकाळी ॲसिडिटीवरची पॅन्टोप्राझोल घेतात आणि त्याला औषधच समजत नाहीत. पोटातलं आम्ल कमी झालं की एर्लोटिनिब, डासाटिनिब यांसारख्या कॅन्सरच्या गोळ्या नीट शोषल्या जात नाहीत. टीबीवरचं रिफाम्पिसिन अनेक औषधं शरीरातून लवकर बाहेर टाकतं. फळांमध्ये ग्रेपफ्रूट वर्ज्य म्हणून लिहिलेलं असतं. आपल्याकडे ते क्वचित मिळतं, पण त्याच कुळातलं पपनस कोकणात गणपतीत घरोघरी असतं. त्याबद्दल स्वतःहून विचारा.

दात काढायचा आहे, डोळ्यांचं ऑपरेशन आहे. दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ शकतो का?

जाऊ शकता, पण ट्रायलच्या टीमला सांगून. ट्रायलचं ओळखपत्र पाकिटात ठेवा आणि कुठल्याही डॉक्टरला आधी ते दाखवा. इम्युनोथेरपी चालू असेल तर हे फार महत्त्वाचं. तिचे दुष्परिणाम आतड्याला सूज, थायरॉइड, फुप्फुसाचा दाह अशा रूपात, कधी औषध थांबल्यावर काही महिन्यांनीही दिसतात. गावच्या डॉक्टरला ते साधं इन्फेक्शन वाटू शकतं.

स्कॅनमध्ये गाठ थोडी वाढली म्हणतात, तरी औषध चालूच ठेवलंय. हे बरोबर आहे का?

बहुधा बरोबर आहे. ट्रायलमध्ये गाठींची मापं ठरावीक पद्धतीने घेतात. जास्तीत जास्त पाच गाठी निवडून त्यांच्या लांबीची बेरीज करतात. बेरीज ३० टक्क्यांनी किंवा त्याहून जास्त घटली तर 'पार्शल रिस्पॉन्स'. सर्वात कमी असलेल्या मापापासून ती २० टक्क्यांनी आणि किमान ५ मिलिमीटरने वाढली, किंवा नवी गाठ दिसली, तर 'प्रोग्रेशन'. मधलं सगळं 'स्टेबल'. पुढे गेलेल्या कॅन्सरमध्ये आजार जागच्या जागी राहणं हेही मिळवलेलंच असतं. इम्युनोथेरपीत कधीकधी गाठ आधी फुगलेली दिसते आणि नंतर उतरते, म्हणून काही ट्रायलमध्ये लगेच बंद न करता पुढच्या स्कॅनची वाट पाहतात.

स्कॅनच्या आधीचे दिवस काढवत नाहीत.

हे जवळजवळ सगळ्यांना होतं आणि रिपोर्ट हातात येईपर्यंत सुटत नाही. रिपोर्ट आणि डॉक्टरांची भेट एकाच दिवशी ठेवता येते का ते विचारा. रिपोर्टची पीडीएफ स्वतः उघडून गूगलवर शब्द शोधत रात्र काढू नका. घरच्यांना विनंती एवढीच की त्या दिवसांत 'पॉझिटिव्ह राहा' म्हणू नका, जवळ बसा. झोप सलग उडाली, जेवण सुटलं, जगणं नको वाटू लागलं, तर तेही टीमला सांगा. मोठ्या कॅन्सर केंद्रांत मानसोपचाराची सोय असते.

खर्च कोण करतं? मुंबईत राहायचं कुठे?

नवं औषध आणि फक्त ट्रायलसाठी लागणाऱ्या जादा तपासण्यांचा खर्च सहसा स्पॉन्सर (ट्रायल करवणारी कंपनी किंवा संस्था) करतो. नेहमीच्या उपचाराचा खर्च मात्र तुमच्यावर येऊ शकतो. कुठली पावती कुणाच्या नावे फाडली जाणार, हे आधी लेखी विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून नेहमीचा उपचार चालू असेल तर ट्रायलमुळे त्यावर काही परिणाम होतो का, हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा. खासगी विम्यात 'सिद्ध न झालेले उपचार' वगळणारं कलम असतं, तिथेही लेखी उत्तर घ्या.

प्रवासखर्च मिळतो का ते संमतीपत्रात असतं. तिकिटं जपून ठेवा. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री-टायर एसीचं भाडं माफ आहे, सोबतच्या एका व्यक्तीला ७५ टक्के सूट आहे. त्यासाठी हॉस्पिटलचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. राहण्यासाठी परळची नाना पालकर स्मृती समिती, दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशी ठिकाणं आहेत. जागा कमी आणि गरज जास्त, म्हणून तारीख मिळताक्षणी सोशल वर्करकडे चिठ्ठीसाठी जा. फुटपाथवर झोपून केमो घेणारी माणसं परळमध्ये आजही दिसतात. हे बघवत नाही, आणि सवयीचंही होऊ देऊ नये.

लग्न झालंय, मूल हवंय.

ट्रायल सुरू होण्याआधीच बोला. बहुतेक ट्रायलमध्ये उपचार चालू असताना आणि नंतरही काही महिने गर्भधारणा टाळणं बंधनकारक असतं, पुरुषांनाही. शुक्राणू किंवा बीजांडं साठवून ठेवायची असतील तर ती वेळ उपचाराच्या आधीची. सासू-सासऱ्यांसमोर हा विषय निघत नसेल तर डॉक्टरांना एकटं भेटायचं आहे म्हणून सांगा.

मध्येच सोडता येतं का? डॉक्टर रागावतील का?

कधीही, कारण न देता सोडता येतं, आणि त्यामुळे त्या हॉस्पिटलमधला तुमचा नेहमीचा उपचार थांबवता येत नाही. हे संमतीपत्रातच लिहिलेलं असतं. मात्र न सांगता येणं बंद करू नका. काही औषधं एकदम तोडणं धोक्याचं असतं, आणि शेवटची तपासणी तुमच्याच भल्याची असते. औषध बंद करायचं पण फोनवर तब्येत कळवत राहायचं, असाही मधला मार्ग असतो.

ट्रायलमुळे इजा झाली तर?

गंभीर घटना घडली की संशोधक डॉक्टरांनी २४ तासांत औषध नियंत्रक, स्पॉन्सर आणि एथिक्स कमिटीला कळवायचं असतं. हॉस्पिटलमध्ये भरती व्हावं लागणं हीसुद्धा 'गंभीर घटना' धरली जाते. म्हणून दुसरीकडे भरती झालात तरी त्याच दिवशी टीमला कळवा. उपचार मोफत मिळायला हवेत, गरज असेपर्यंत किंवा इजा ट्रायलमुळे नाही हे सिद्ध होईपर्यंत, जे आधी होईल तोवर.

इजा किंवा मृत्यू ट्रायलमुळे झाला असं ठरलं तर भरपाई वेगळी मिळते, आणि आदेश निघाल्यापासून ३० दिवसांत स्पॉन्सरने ती द्यायची असते. मृत्यूच्या भरपाईत ८ लाख रुपये मूळ धरून वय आणि आजाराची तीव्रता यांचा हिशेब होतो. आजार मुळात फार पुढे गेलेला असेल तर रक्कम कमी होते. कॅन्सर रुग्णांना हे अन्यायाचं वाटतं आणि मलाही तसंच वाटतं, पण नियम असा आहे. तक्रार करायची तर एथिक्स कमिटीच्या सचिवांचा नंबर संमतीपत्रात असतो. तो डॉक्टरांना न विचारताही फिरवता येतो.

औषध लागू पडलंय आणि ट्रायल संपतेय. पुढे?

२०१९ च्या नियमांत यासाठी तरतूद आहे. डॉक्टरांनी शिफारस केली, एथिक्स कमिटीने मान्य केलं, त्या आजारावर दुसरा उपचार उपलब्ध नाही आणि औषधाचा फायदा दिसला आहे, तर स्पॉन्सरने ते पुढेही मोफत द्यायचं असतं. त्यासाठी तुमची लेखी संमती लागते. हे आपोआप घडत नाही. ट्रायल संपायच्या काही महिने आधीच विषय काढा.

आणि लागूच पडलं नाही तर?

तर दुसरा उपचार आहे का, दुसरी ट्रायल आहे का, हे पाहिलं जातं. कधी उत्तर 'नाही' असतं. तेव्हाही वेदना, दम, झोप, भूक यांवर करता येण्यासारखं पुष्कळ असतं, आणि त्यासाठी ट्रायल संपायची वाट पाहायची नसते. या त्रास कमी करणाऱ्या काळजीला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे हात टेकणं, हा समज आपल्याकडे घट्ट आहे. बोस्टनमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या रुग्णांना निदानापासूनच ही काळजी दिली, त्याचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यांचं जगणं सुसह्य झालंच, आणि त्यांचा मध्यम आयुष्यकाळही (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) फक्त नेहमीचे उपचार घेतलेल्यांच्या ८.९ महिन्यांऐवजी ११.६ महिने भरला. ट्रायल चालू असतानाच या विभागाचा केस पेपर काढा. मॉर्फिनला घाबरू नका. दुखण्यासाठी डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत ते घेतल्याने माणूस व्यसनी होत नाही.

ट्रायलचा निकाल आम्हाला कळेल का?

आपोआप कळेलच असं नाही. मोठ्या ट्रायलचे निकाल यायला काही वर्षं लागतात, तोवर पत्ता आणि फोन नंबर बदललेले असतात. संमतीपत्राच्या प्रतीवर सीटीआरआय क्रमांक लिहून ठेवा, त्यावरून ट्रायल चालू आहे की संपली ते पाहता येतं. तुम्ही कुठल्या आर्ममध्ये होतात हे 'अनब्लाइंडिंग' झाल्यावर, म्हणजे कुणाला कोणतं औषध मिळालं हे उघड केल्यावर, विचारता येतं. रुग्ण हयात नसला तरी घरच्यांनी विचारावं. तसं विचारणारं पत्र प्रमुख संशोधकांच्या नावे द्या, त्यावर ट्रायलमधला रुग्णाचा क्रमांक घाला आणि पोच घ्या.